४१२ श्रोते आणि पुढचे वर्ष: गाण्यात टिकून राहताना मन कसे सांभाळावे?

देवगडकर_पेटीवाला

सर्वांना नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका वाडीत राहतो. वय २८. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तीन वर्षे डोंबिवलीत राहून साथसंगत, शिकवण्या आणि मिळतील ते कार्यक्रम केले. वडिलांना हापूसच्या कलमांची कामे एकट्याने झेपेनाशी झाली, तेव्हा गावी परतलो. आमच्या घरात पेटी म्हटले की आधी आंब्याची पेटीच समजली जाते आणि मार्च ते मे या काळात दुसऱ्या पेटीला हात लावायची सवड मला क्वचितच मिळते. उरलेल्या दिवसांत अकरा मुलांना शिकवतो, भजनांना पेटीवर बसतो आणि स्वतःच्या चाली बांधतो.

गेल्या दिवाळीत मित्राच्या एका कवितेला लावलेली चाल ध्वनिमुद्रित करून घेतली. त्यासाठी १८,००० रुपये खर्च झाले. गाणे यूट्यूबवर ठेवले. पहिल्या आठवड्यात मी दर तासाला फोन उघडून आकडा पाहत होतो. आज सात महिन्यांनी तो आकडा ४१२ आहे आणि त्यातले निम्मे घरचेच असावेत. देवळाच्या पायरीवर बसणारे आमच्या वाडीतील एक आजोबा मी दिसलो की विचारतात, “मगे, गाण्याचा काय झाला तुझ्या?” त्यांच्या विचारण्यात कुचेष्टा नसते हे मला ठाऊक आहे, तरीही हल्ली मी त्या वाटेने जायचे टाळतो, आणि हे टाळणेच मला सर्वांत जास्त लागते.

सकारात्मक राहा, स्वतःवर विश्वास ठेवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते ऐकून दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी, बरे वाटत नाही याचाही दोष आपलाच, असे वाटू लागते. श्रोते कसे वाढवावेत हा माझा प्रश्न नाही. जे दहा-वीस वर्षे या क्षेत्रात आहेत, ते वाईट वर्षात सकाळी उठून नेमके काय करतात, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

गाण्याच्या_बाई (रत्नागिरी)

तुमचे लिखाण दोनदा वाचले. मी २६ वर्षे गाणे शिकवते आहे, त्यामुळे वाचताना माझे लक्ष, तुम्ही काय लिहिले नाही, याकडे आधी गेले. ४१२ हा आकडा तुम्ही दिलात, १८,००० हा दिलात. पण या वर्षात रियाज किती दिवस झाला, किती चाली पूर्ण बांधून झाल्या, अकरांपैकी किती मुले परीक्षेला बसली, यातले काहीच दिले नाहीत. हे तुम्हाला माहीत नाही असे मी म्हणत नाही, परंतु तुम्ही ते मोजत नाही, आणि जे मोजत नाही ते वाईट दिवशी आठवतही नाही.

तिशीत असताना मी एका ध्वनिचाचणीत दोनदा अनुत्तीर्ण झाले. पहिल्यांदा चार महिने तंबोरा गवसणीतून बाहेर काढला नव्हता. दुसऱ्या वेळी माझ्या गुरूंनी दोनशे पानी वही हातात ठेवली आणि रोज एकच ओळ लिहायला सांगितली: कोणता राग, कोणती जागा, किती वेळ. ‘आज मन लागले नाही’ असे लिहायला सक्त मनाई होती. ‘मारवा, रिषभ-धैवताची संगती, चाळीस मिनिटे, रिषभ चढा लागतो’ अशा ओळी मी लिहीत गेले. सहा-सात महिन्यांनी सहज मागची पाने चाळताना लक्षात आले, की रिषभाची तक्रार श्रावणानंतर एकदाही लिहिलेली नाही. मी सुधारले आहे हे मला कोणी सांगितले नव्हते, माझ्याच अक्षरात ते माझ्यासमोर होते. ती वही अजून माझ्या कपाटात आहे; आता मुखपृष्ठ सुटले आहे.

शेजारच्या गोव्यातील एक उदाहरण देण्याचा मोह होतो. केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ चा. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे थोडे शिक्षण, मग रामकृष्णबुवा वझे, मग भास्करबुवा बखले, असे तुकड्यातुकड्यांनी शिकत त्या मोठ्या झाल्या. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम त्यांना १९२१ पासून मिळाली, म्हणजे तेव्हा त्या तुमच्याहून वयाने थोड्या मोठ्याच होत्या. १९७७ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले, त्याच्या अकरा दिवस आधी अवकाशात झेपावलेल्या ‘व्हॉयेजर १’ यानावरील, पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत साठवलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. शिकण्याच्या वाटेत एवढे खंड पडूनही गाणे कोठवर जाते, हे लक्षात यावे म्हणून लिहिले.

आणि त्या आजोबांना टाळू नका. ‘काल भूपात एक चाल सुचली’ असे सांगून पाहा. त्यांना कदाचित तेवढेच हवे असेल.

मृदंगी_मालवण

बाईंचा वहीचा सल्ला मला पूर्ण पटला; केसरबाईंचा दाखला मात्र पटला नाही आणि बाईंविषयी आदर ठेवूनच तसे लिहितो. थोरांच्या हालअपेष्टा वाचताना त्यांचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो, म्हणून त्या हालअपेष्टाही गोड लागतात. देवगडच्या या मुलाला स्वतःचा शेवट ठाऊक नाही. आपल्यापैकी कोणालाच नसतो. म्हणून मी अशा कोणाविषयी लिहितो ज्याचे नाव कोणत्याही तबकडीवर जाणार नाही, म्हणजे माझ्याविषयीच.

मी ३१ वर्षे भजनात आणि दशावतारात मृदंग वाजवतो आहे. माझ्या मोठ्या भावाची मासेमारीची बोट आहे. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत भाऊ पडवीत बसून जाळी दुरुस्त करतो, इंजिन उघडतो, बोटीला रंग काढतो, आणि दुपारी झोपतो. जून महिन्यात त्याला कोणी विचारत नाही की तुझ्या धंद्याचे काय झाले, आणि तोही बंदरावर तोंड लपवत फिरत नाही. समुद्राला हंगाम आहे हे किनाऱ्यावरच्या पोराटोरांना कळते. गाण्याला हंगाम आहे हे मात्र आम्हा वाजवणाऱ्यांनाही फार उशिरा कळते.

माझे वर्ष असे जाते. गणपतीत दीड दिवसापासून अकरा दिवसांपर्यंत घरोघरी भजने, काही घरी तर एकवीस दिवस. मग नवरात्र. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळींबरोबर रोज नवे गाव. उन्हाळ्यात चाकरमानी आले की सत्यनारायणाच्या पूजा आणि दोन भजनी बुवांमधले डबलबारीचे सामने. पाऊस लागला की काही नाही. पहिली दहा वर्षे हे ‘काही नाही’ मला दरवर्षी नव्याने खायला उठायचे. आषाढात मी भावाशी भांडायचो, पुढच्या वर्षी मृदंग विकून टाकीन म्हणायचो आणि भाद्रपदात सगळे विसरायचो. आईने एकदा जेवताना शांतपणे सांगितले की तू हे सलग सहा वर्षे बोलतो आहेस, आणि ते नेहमी पागोळ्या गळत असतानाच. तेव्हापासून माझ्या डोक्यात येणाऱ्या विचाराला मी आधी महिना विचारतो.

तुम्ही हे कधी लिहिलेत पाहा. आंब्याचा हंगाम नुकताच संपला आहे, तीन महिने पेटीला नीट हात लागलेला नाही, हवा दमट आहे, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकत असतील. अशा वेळी स्वतःच्या आयुष्याचा निकाल लावायला बसू नये. माझ्या मृदंगाची पुडी, म्हणजे तोंडावरचे चामडे, या दिवसांत ढिली पडते, वादीखालचे लाकडी गठ्ठे कितीही ठोकले तरी स्वर वर चढत नाही. त्यावर मी माझ्या हाताला दोष देत नाही.

आता सकाळी उठून काय करतो, ते सांगतो, कारण तुम्ही तेच विचारले आहे. पावसात रोज सकाळी दोन मुठी कणीक मळतो. मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात हे तुम्ही जाणताच. ती सैल झाली तर थापेसरशी पसरते, घट्ट झाली तर वाळून निघते. विशीत असताना एका जत्रेत ऐन गजरात माझी कणीक निखळून बुवांच्या मांडीवर पडली होती. बुवा गात राहिले, मी अर्धा गजर नुसत्या उजव्या हाताने काढला, आणि सभामंडपातल्या लोकांनी पुढे दोन वर्षे मला त्याच नावाने हाक मारली. त्यामुळे पाणी किती घालायचे, बोटाला किती चिकटले म्हणजे पुरे, हे मी आजही रोज करून पाहतो. पाऊण तास नुसता ‘धा’ आणि ‘ता’ वाजवतो. मन चांगले असो वा नसो, कणीक मळून ठेवली की ती फुकट घालवायची नाही एवढ्यासाठी तरी वाजवायला बसावे लागते. पेटीवाल्याला कणीक नाही, पण तुम्हालाही असे काही सापडेल.

आणखी एक सांगतो. दशावतार मध्यरात्रीच्या सुमारास उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. पहाटे चारच्या सुमारास देवळात पाहिले तर निम्मी माणसे घोंगडीत गुरफटून झोपलेली असतात, मुले आयांच्या मांडीवर आडवी असतात, जागे असतात ते खांबाला टेकलेले पंधरा-वीस म्हातारे आणि चहावाला. त्याच वेळी नाटकातले युद्ध सुरू होते आणि मृदंगाला सर्वांत जास्त काम असते. मी झोपलेल्यांची मोजदाद करू लागलो तर हात जड होतो. खांबाला टेकलेल्यांपैकी एकाची मान लयीत हलत असते, त्याच्याकडे पाहून वाजवतो. तुमचे निम्मे श्रोते घरचे असतील तर उरलेले दोनशे सहा कोण आहेत? देवगडातल्या एखाद्या लहान देवळात दोनशे सहा माणसे बसली तर मागच्यांना उभे राहावे लागेल.

माजी_गायक_कणकवली

थोडे वेगळे लिहितो, कारण असे कोणी लिहीत नाही. मी गाण्यात करिअर करण्याचा नाद ३४ व्या वर्षी सोडला. आता नोकरी करतो आणि दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या मंडळात गातो. सोडताना मला वाटले होते की गाणेच संपले. संपले ते एवढेच, की महिन्याचे भाडे माझ्या गळ्यातून निघाले पाहिजे ही धास्ती. तुम्ही सोडा असे सुचवत नाही, परंतु टिकून राहणे म्हणजे पूर्णवेळ व्यावसायिकच असणे, असे समजून स्वतःला कोंडून घेऊ नका. कलमांचे उत्पन्न तुम्ही गाण्याचा शत्रू मानता, असे तुमच्या लिखाणातून मला जाणवले. माझ्याकडे कलमे असती तर मी कदाचित अजून व्यवसाय म्हणून गात असतो.

ध्वनिमुद्रक_चिपळूण

माझा घरगुती स्टुडिओ आहे आणि गेल्या बारा वर्षांत तुमच्यासारखे पुष्कळ जण माझ्या खोलीत गाऊन गेले, म्हणून पैशांच्या बाजूने लिहितो. माझ्या अनुभवात ज्याला आपण नैराश्य म्हणतो त्यात बऱ्याचदा निम्मा भाग हिशेबाचा असतो. १८,००० रुपये एका गाण्यावर लावले की ते गाणे गाणे राहत नाही, ते कर्ज होते, आणि कर्जाकडे माणूस दर तासाला पाहतोच. पुढच्या वेळी तीच रक्कम वर्षभरात विभागा. एक बरा मायक्रोफोन, जाड गोधड्या लावलेली एक खोली आणि पावसाचा आवाज नसलेली वेळ एवढ्यावर पेटी-गळ्याची चाल स्वच्छ मुद्रित होते. आमच्याकडे कौलांवर पाऊस पडू लागला की मी सरळ काम थांबवतो. त्या आवाजाशी कोणतेही यंत्र भांडू शकत नाही. अशा साध्या पद्धतीने पाच-सहा चाली तयार करा आणि त्यातली जी लोक पुन्हा मागतील तिच्यावरच मोठा खर्च करा.

आकडा पाहण्याचा दिवस ठरवा. मी माझ्या गाण्यांचे आकडे महिन्यातून एकदा, वीजबिल भरतो त्या दिवशी पाहतो. दोन्ही तेवढ्याच उत्साहाने पाहतो.

कागदपत्रांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. कविता मित्राची आहे म्हणता, तर त्याची परवानगी आणि उत्पन्नातील वाटा लेखी ठेवा. मैत्री असतानाच हे लिहून घेणे सोपे असते. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा राखून ठेवला आहे आणि तो सोडून देत असल्याचे कोणी तुमच्याकडून करारात लिहून घेतले तरी ते टिकत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था गीतकार-संगीतकारांसाठी अशी रॉयल्टी गोळा करते, तिचे सभासदत्व तुम्हाला आणि मित्राला दोघांनाही घेता येईल. ४१२ श्रवणांवर त्यातून चहाचेही पैसे सुटणार नाहीत, पण फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे स्वतःच्या हाताने संगीतकार असे लिहावे लागते. माझ्या खोलीत बसून हा फॉर्म भरताना एका गृहस्थांचा हात तिथे थांबला होता. नंतर त्यांनी ते ठसठशीत अक्षरात लिहिले.

शेवटचे, आणि हे थोडे गांभीर्याने. मृदंगी बुवांनी महिना विचारायला सांगितले ते योग्यच आहे. परंतु झोप सलग काही आठवडे उडाली, जेवण जाईनासे झाले, गाण्याच्याच काय कोणत्याच गोष्टीत रस उरला नाही, तर तो पावसाळा नव्हे आणि वहीनेही तो जाणार नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटावे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. कलावंताने थोडे दुःखी असायचेच, ही समजूत मी माझ्या खोलीत पुष्कळ ऐकली आहे आणि तिच्यामुळे एका चांगल्या गायकाने मदत मागायला दोन वर्षे उशीर केलेला पाहिला आहे.

देवगडकर_पेटीवाला

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर लिहिले नाही, कारण बाईंनी विचारलेले आकडे माझ्याकडे खरोखरच नव्हते आणि ते शोधत होतो. फोनमधले फोटो, आईचे कॅलेंडर आणि भजन मंडळाची जमाखर्चाची वही समोर ठेवून मागील वर्षाचा हिशेब मांडला. गणपतीपासून शिमग्यापर्यंत मी ४७ रात्री पेटीवर बसलो होतो. यातली एकही रात्र मी ‘माझ्या करिअर’मध्ये धरली नव्हती, कारण ती भजने होती, गावातली होती आणि बिदागीबरोबर नारळ मिळाला होता. डोंबिवलीतल्या शेवटच्या वर्षात माझे १९ कार्यक्रम झाले होते आणि ते मात्र मी सगळ्यांना सांगत असे.

अकरांपैकी चार मुले परीक्षेला बसली, चारही उत्तीर्ण झाली. पूर्ण झालेल्या चाली तीनच निघाल्या, हे मात्र वाईट आहे आणि त्याचा दोष आंब्यांवर ढकलता येत नाही, कारण ऑक्टोबर ते जानेवारी मी मोकळाच होतो आणि तेव्हा फोन पाहत बसलो होतो. कणकवलीच्या मित्रांनी कलमांविषयी लिहिलेले वाक्य मी वडिलांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवल्यावर त्यांनी मला ती मित्राची कविता म्हणायला सांगितली, आणि दुसरे कडवे त्यांना पाठ होते. त्या ४१२ मधले घरचे नेमके कोण, याचा थोडा उलगडा झाला.

आजोबांना अजून भेटलो नाही. पाऊस फार आहे, पायरीवर कोणी बसत नाही.

मृदंगी बुवांना एक व्यवहारातला प्रश्न आहे. आमच्या मंडळाच्या पखवाजाच्या पुडीवरची काळी शाई मधोमध तडकली आहे आणि गणपती तोंडावर आले आहेत. पुडी आताच बदलून घ्यावी का, आणि तुमच्या बाजूला हे काम चांगले करणारे कोणी आहे का?

मृदंगी_मालवण

आहेत. पण या हवेत शाई नीट वाळत नाही, त्यामुळे घाईने नवी पुडी चढवलीत तर भाद्रपदातच पुन्हा तडकेल. माझ्याकडे एक जादा पखवाज आहे, जुना आहे पण काळी चार पट्टीला छान बोलतो. गणपतीपुरता घेऊन जा आणि तुमचा दसऱ्यानंतर आणून द्या. येताना तुमची पेटीही आणा. पट्ट्या अडकत असतील तर पाहून देतो, आणि त्या तीन चाली ऐकायच्या आहेत.